पायथन बदललं आणि जुना डेटा उघडेना: पिकल-शेल्व्ह फाइल वाचवायचा नीट क्रम

नवीन कॉम्प्युटर घेतला, त्यात पायथन ३ (प्रोग्राम लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती) टाकलं, जुना प्रोग्राम इकडेतिकडे दुरुस्त करून चालवला आणि डेटाची फाइल उघडेना, मग कुठूनतरी एक ओळ उचलून चिकटवली, फाइल उघडली पण मराठी नावांचा पार चोथा झाला, आणि त्याच घाईत सेव्हपण दाबलं. इंदुरात माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हे सगळं करून झाल्यावर येतात, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतोय.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगतो. जुना डेटा जुन्या पायथनमध्येच उघडायचा, तिथेच तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढायचा, आणि ती साधी फाइल नव्या पायथनला द्यायची. नव्या पायथनने जुनी फाइल थेट उघडणं हा दुसऱ्या नंबरचा रस्ता आहे, आणि लोक नेमकं तिथूनच सुरू करतात.

उदाहरण म्हणून रामबागेकडच्या एका वाचनालयाचं काम घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या. सभासद, अनामत, पुस्तकांची देवघेव आणि दंड असा साधा प्रोग्राम, इंजिनिअरिंगच्या एका मुलाने पायथन २.७ मध्ये लिहून दिलेला. सभासदांची यादी पिकल फाइलमध्ये (पायथन आपला डेटा जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवतं ती पद्धत), देवघेव शेल्व्हमध्ये (पिकलवरच चालणारा छोटा डेटाबेस). मशीन बदललं, नवीन पायथन आलं आणि स्क्रीनवर आलं ‘एकूण सभासद: ०’. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, “अरे, दोनदा बंद करून परत चालू केलं, तरी शून्यच दाखवतंय रे.” तेव्हाच पोटात गोळा आला, कारण प्रोग्राम बंद होताना आपोआप सेव्ह करत होता. जाऊन बघितलं तर फाइल फक्त ५ बाइटची. रिकामी डिक्शनरी (किल्ली आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांची यादी) पायथन ३ च्या प्रोटोकॉल ४ मध्ये (प्रोटोकॉल म्हणजे पिकल लिहायच्या पद्धतीची आवृत्ती) पिकल केली की बरोबर ५ बाइट होतात.

झालं असं होतं की मूळ प्रोग्रामात ‘फाइल वाचताना काहीही एरर आली तर रिकामी यादी घे’ असं ट्राय-एक्सेप्ट होतं. नव्या पायथनला फाइल वाचता आली नाही, त्याने रिकामी यादी घेतली आणि बंद होताना तीच जुन्या फाइलवर लिहून टाकली. नशिबाने दिवाळीआधीची एक कॉपी काकांच्या पेनड्राइव्हवर होती आणि त्यानंतरच्या पावत्या कागदावर होत्या. सगळ्यांकडे असं असेलच असं नाही.

## सुरू करायच्या आधी

हे चार सामान हाताशी ठेवा, त्याशिवाय हात लावू नका.

एक, डेटा असलेला अख्खा फोल्डर, नुसती एक फाइल नाही. दोन, जुन्या प्रोग्रामचा सोर्स कोड, कारण पिकलमध्ये क्लासचं (नोंदीच्या साच्याचं) फक्त नाव असतं, क्लास नसतो. तीन, कागदावरचं किंवा जुन्या प्रिंटमधलं काहीतरी ज्याच्याशी शेवटी ताळा घालता येईल: सभासद किती, अनामत एकूण किती, शेवटची पावती कुठल्या नंबरची. चार, एक वही किंवा टेक्स्ट फाइल, त्यात कुठली कमांड कधी दिली ते लिहीत जायचं. चौथं सगळ्यांना फालतू वाटतं, पण तिसऱ्या दिवशी ‘ही नावं दुरुस्त केलेल्या कॉपीतली की आधीच्या’ हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.

सावधान: पिकल फाइल उघडणं म्हणजे नुसतं वाचणं नाही, आत लिहिलेला कोड त्यातून चालू शकतो. आपली स्वतःची फाइल असेल तरच लोड करा. कोणीतरी पाठवलेली, कुठून आली माहीत नसलेली पिकल लोड करू नका.

## टप्पा १: प्रोग्राम बंद, मग कॉपी

आधी प्रोग्राम बंद करा, आणि तो मशीन सुरू होताना आपोआप उठत असेल तर तेही थांबवा. आता ‘बंद केल्यावर सेव्ह होतं’ अशी शंका असेल तर नेहमीच्या बटणाने बंद करू नका, टास्क मॅनेजरमधून संपवा. काकांच्या पहिल्या वेळी एवढंच केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

मग अख्खा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. एक कॉपी रीड-ओन्ली करून बाजूला, तिला नंतर हात नाही. दुसरीवर काम. शेल्व्ह वापरलं असेल तर एकाच नावाच्या दोन-तीन फाइल असू शकतात, डॅट, डीआयआर, बॅक किंवा पॅग अशा शेपट्यांच्या, त्या सगळ्या मिळून एक डेटाबेस असतो. लोक मोठी दिसते ती डॅट फाइल उचलतात आणि डीआयआर मागे ठेवतात, पण कुठली नोंद कुठे सुरू होते हे त्या छोट्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर झिप करून न्या. एफटीपीच्या अ‍ॅस्की मोडमधून पाठवलेली बायनरी फाइल वाटेतच बिघडते आणि मग माणूस दोन दिवस पायथनला दोष देत बसतो.

तपासा: मूळ आणि कॉपी, दोन्हींतल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, लिनक्सवर एसएचए२५६सम. आकडे जुळले तरच पुढे, आणि ते वहीत लिहा.

## टप्पा २: फाइल लोड न करता ओळखा

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त. एरर वाचतच नाहीत, सरळ उपाय शोधतात. एरर काय सांगते ते आधी बघू.

‘अ‍ॅस्की कोडेक कान्ट डिकोड बाइट’ आणि पुढे शून्य-एक्स-ई-शून्य असं दिसलं तर आनंद माना, कारण बहुतेक तुमचा डेटा धड आहे. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या बाइटमध्ये लिहायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम ई-शून्य असतो. पायथन २ ने साधी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून हे बाइट ठेवले, आणि पायथन ३ जुन्या स्ट्रिंगा अ‍ॅस्की (फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे) समजून वाचायला जातं, पहिल्याच मराठी अक्षराला अडतं. इंग्रजी नावांचा डेटा आरामात उघडतो, आपला उघडत नाही, त्याचं कारण एवढंच.

‘अनसपोर्टेड पिकल प्रोटोकॉल’ म्हणजे उलटं प्रकरण, फाइल नवीन आणि वाचणारं पायथन जुनं. पायथन २.७ ला प्रोटोकॉल २ पर्यंतच कळतं. प्रोटोकॉल ३ पायथन ३.० बरोबर आला, ४ हा ३.४ बरोबर, ५ हा ३.८ बरोबर. म्हणजे नव्या पायथनने प्रोटोकॉल न सांगता एकदा त्याच फाइलवर सेव्ह केलं की जुना प्रोग्राम ती परत वाचू शकत नाही.

‘रॅन आउट ऑफ इनपुट’ आलं तर फाइलची साइज बघा, बहुतेक शून्य असेल. कोणीतरी ती वाचायला म्हणून लिहिण्याच्या मोडमध्ये उघडली, त्या मोडमध्ये उघडताक्षणी फाइल रिकामी होते. ‘कान्ट गेट अ‍ॅट्रिब्यूट’ किंवा ‘नो मॉड्यूल नेम्ड’ म्हणजे डेटा ठीक, पण क्लास किंवा मॉड्यूल पूर्वी होतं तिथे नाही. आणि ‘डीबी टाइप कुड नॉट बी डिटरमाइन्ड’ म्हणजे शेल्व्हच्या खालचा डेटाबेस नव्या पायथनला ओळखता आला नाही, त्याचं टप्पा ४ मध्ये.

आता फाइलकडे. कुठल्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. पहिला बाइट ऐंशी हेक्स असेल तर पुढचा बाइट हा प्रोटोकॉलचा नंबर. सुरुवातच कंस, मग डी, पी किंवा एल, पी अशी वाचता येणारी असेल तर प्रोटोकॉल शून्य, पायथन २ मध्ये न सांगता तोच लागायचा. शेवटचा बाइट मात्र कुठल्याही पिकलमध्ये टिंबच असतो. टिंब नसेल तर फाइल अर्धवट आहे, वीज गेली असेल किंवा कॉपी तुटली असेल, तर इथेच थांबा आणि दुसरी कॉपी शोधा.

अजून खात्रीचं हवं असेल तर पायथन ३ मधलं पिकलटूल्स मॉड्यूल कमांड लाइनवरून त्या फाइलवर चालवा. ते आतलं काही चालवत नाही, फक्त एकेक सूचना उलगडून दाखवतं. त्यात ‘स्ट्रिंग’ किंवा ‘बिनस्ट्रिंग’ अशा ओळी म्हणजे पायथन २ च्या कच्च्या बाइटच्या स्ट्रिंगा, ‘युनिकोड’ किंवा ‘बिनयुनिकोड’ म्हणजे खरा युनिकोड. वाचनालयाच्या फाइलमध्ये दोन्ही मिसळलेले होते: फॉर्ममधून आलेली नावं युनिकोड, एक्सेलच्या यादीवरून चढवलेली नावं कच्चे बाइट. हे मिश्रण आहे का ते आत्ताच वहीत लिहा, टप्पा ५ त्यावर अवलंबून आहे. ‘ग्लोबल’ असं दिसलं की त्यापुढे मॉड्यूल आणि क्लासचं नाव असतं, तेही उतरवून घ्या.

सावधान: ‘नो मॉड्यूल नेम्ड कॉपी-रेज’ अशी एरर आली आणि नावाच्या शेवटी उलट तिरपी रेघ आणि आर दिसलं, तर मॉड्यूल शोधत बसू नका. विंडोजवर कोणीतरी पिकल टेक्स्ट मोडमध्ये लिहिली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचा बाइट घुसला. प्रोटोकॉल शून्य असेल तर कॉपीवर ते जोडबाइट (जास्तीचा बाइट आणि ओळ संपवणारा बाइट) बदलून एकेरी केले की फाइल उघडते. प्रोटोकॉल १ किंवा २ असेल तर असा सरसकट बदल करू नका, तिथे तोच जोड खऱ्या डेटाचाही भाग असू शकतो.

## टप्पा ३: जुनं पायथन मिळवा

पायथन २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, शेवटची आवृत्ती २.७.१८. सपोर्ट संपला म्हणजे मिळत नाही असं नाही. पायथनच्या अधिकृत साइटवर इन्स्टॉलर अजून आहे. उबंटू २२.०४ मध्ये पॅकेज मिळतं, २४.०४ मध्ये नाही, आणि डेबियन ११ मध्ये आहे, १२ मध्ये नाही. डॉकर येत असेल तर २.७ ची इमेज सगळ्यात सुटसुटीत, मशीनवर काही शिल्लक राहत नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं मशीनच. भंगारात द्यायच्या आधी दहा वेळा विचार करा, जुना कॉम्प्युटर एक्सचेंजमध्ये देऊन आलेल्या माणसाला मग सगळं नव्याने उभं करावं लागतं. हे जुनं पायथन इंटरनेटला न जोडता वापरा, आणि काम झालं की काढून टाका.

तपासा: जुन्या पायथनमध्ये जुन्या प्रोग्रामचं मॉड्यूल इंपोर्ट होतंय का? झालं तरच पुढे.

## टप्पा ४: जुन्या पायथनमधूनच बाहेर काढा

खरं काम हे. पायथन २.७ मध्ये छोटी स्क्रिप्ट: कॉपीवरची पिकल बायनरी रीड मोडमध्ये उघडा, लोड करा, आणि एक सभासद म्हणजे एक ओळ अशा पद्धतीने जेसनमध्ये (कुठल्याही भाषेला वाचता येणारा साध्या मजकुराचा साचा) लिहा. एका ओळीला एक नोंद ठेवल्याचा फायदा असा की नंतर ओळी मोजल्या की नोंदी मोजल्या, आणि एक नोंद खराब निघाली तर बाकीच्या अडकत नाहीत.

जेसन लिहिताना ‘एन्शुअर अ‍ॅस्की’ आहे तसंच चालू राहू द्या, बंद करू नका. मराठी अक्षरं फाइलमध्ये उलट तिरपी रेघ आणि यू अशा कोडमध्ये जातील, वाचायला कुरूप दिसतील, पण फाइल शुद्ध अ‍ॅस्की राहील आणि विंडोज, लिनक्स, नोटपॅड कोणीही तिचं एन्कोडिंग बिघडवू शकणार नाही. नव्या पायथनने वाचली की अक्षरं परत जशीच्या तशी. ‘मला फाइल उघडून नावं वाचता आली पाहिजेत’ या हट्टापायी लोक हे बंद करतात आणि स्वतःच्या हाताने नवी अडचण तयार करतात.

आता जेसनला काय जमत नाही ते. तारखा जमत नाहीत, त्या आयसोफॉरमॅटने मजकूर करून लिहा, स्ट्रफटाइमने नको, कारण पायथन २ चं स्ट्रफटाइम १९०० च्या आधीच्या तारखेवर अडतं, आणि कोरी जन्मतारीख म्हणून १८९९ टाकलेल्या याद्या मी स्वतः बघितल्यात. पैशांसाठी डेसिमल वापरला असेल तर मजकूर करून लिहा. फ्लोटला स्वतःहून एसटीआर लावू नका, पायथन २ मध्ये ते १२ आकड्यांवर कापतं, रेपर (व्हॅल्यू न कापता लिहिणारं फंक्शन) लावा. फोटो किंवा सही असेल तर बेस-६४, म्हणजे बाइटचा साधा मजकूर करून. टपल जाऊन लिस्ट होते, ती एक वेळ चालते. पण डिक्शनरीची किल्ली आकडा असेल तर ती मजकूर होऊन येते, सभासद नंबर १२ हा आकडा न राहता ‘१२’ हा मजकूर होतो, आणि मग नव्या प्रोग्रामात सभासद सापडत नाही. आत घेताना परत आकडा करायचं विसरू नका.

फाइलमध्ये एकामागून एक अनेक पिकल असू शकतात, प्रोग्रामने दर वेळी शेवटाला जोडत गेलेला असेल तर. एकदा लोड केलं की फक्त पहिली मिळते आणि काहीच एरर येत नाही. ईओएफ (फाइल संपली) एरर येईपर्यंत लूपमध्ये लोड करा.

शेल्व्ह असेल तर जुन्या पायथनमध्ये व्हिचडीबी विचारा. उत्तर ‘डीबीहॅश’ आलं तर खाली बर्कली डीबी आहे, आणि पायथन ३ मधून ते मॉड्यूल काढूनच टाकलंय, म्हणून तिथे फाइल ओळखूच येत नाही. अशा वेळी २.७ शिवाय सोपा रस्ता नाही. नवीन पायथनमध्येही खालचा डेटाबेस बदलत राहतो, ३.१३ पासून नवीन शेल्व्ह एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर बनतात. म्हणजे ‘दोन्हीकडे शेल्व्हच आहे’ यावर भरवसा नको.

सावधान: शेल्व्ह उघडताना आर फ्लॅग लिहाच. काही न लिहिता उघडलं तर ते लिहिण्यासाठीही उघडतं, आणि नावात एक अक्षर चुकलं तर गुपचूप नवीन रिकामा डेटाबेस बनवतं. तुम्हाला वाटतं डेटा उडाला, तो खरंतर शेजारच्या फाइलमध्ये शांत पडलेला असतो.

तपासा: लोड झाल्यावर जुन्या पायथनमध्ये मोजलेल्या नोंदी आणि जेसनच्या ओळी सारख्या आहेत का? एखाद्या नोंदीवर जेसन ‘यूटीएफ-८ डिकोड’ म्हणून अडलं तर ती नोंद गाळू नका, तिचे कच्चे बाइट रेपरने वेगळ्या फाइलमध्ये लिहा. ती यादी टप्पा ६ ला लागेल.

## टप्पा ५: जुनं पायथन मिळतच नसेल तर

जुनं पायथन चाललं असेल तर हा टप्पा सोडा, खरंच सोडा.

नव्या पायथनमध्ये पिकल लोड करताना एन्कोडिंग सांगता येतं. तिथे ‘लॅटिन-१’ लिहा. हे ऐकून लोक म्हणतात, माझा डेटा तर मराठी आहे, लॅटिन कशाला? कारण लॅटिन-१ मध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला एक अक्षर आहे, काहीच हरवत नाही, आणि हवं तेव्हा तेच बाइट परत मिळतात. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे अ‍ॅरे आणि पायथन २ च्या तारखा यांना तर हेच लागतं. थेट ‘यूटीएफ-८’ लिहिलं तर निव्वळ मजकूर असेपर्यंत चालतं, पण आत एखादी तारीख किंवा फोटो असला की त्यावर अडतं. ‘बाइट्स’ लिहिलं तर डिक्शनरीच्या किल्ल्याही बाइट होतात, आणि ‘नाव’ मागितलं की की-एरर, कारण आत आता बाइटवालं ‘नाव’ आहे.

लॅटिन-१ ने उघडल्यावर नावं भयंकर दिसतात: रोमन ए, त्यावर तिरपी रेघ, मग चलनाचं छोटं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, मग काहीतरी तिसरं, परत तेच. हे बघून घाबरू नका आणि सेव्ह करू नका. प्रत्येक स्ट्रिंगला आधी लॅटिन-१ मध्ये एन्कोड करा, मग यूटीएफ-८ ने डिकोड. तीन गोष्टी होऊ शकतात.

एन्कोड आणि डिकोड दोन्ही झालं, तर स्ट्रिंग दुरुस्त झाली. एन्कोडच झालं नाही, तर ती आधीपासून खरी देवनागरी होती, पायथन २ मधला युनिकोड, तिला तसंच ठेवा. एन्कोड झालं पण डिकोड झालं नाही, तर ती एकतर मजकूर नाहीच किंवा बिघडलेली आहे, वेगळ्या यादीत टाका. या तिसऱ्या प्रकाराला अंदाजाने हात लावायचा नाही. फोटोचे कप्पे तर नावानिशी आधीच बाजूला काढा, ते डिकोड करायचेच नसतात.

दुरुस्ती फक्त व्हॅल्यूंना करून थांबू नका, किल्ल्यांनाही करा, आणि लिस्टच्या आतल्या टपलच्या आतलं काहीतरी हमखास राहतं. क्लासच्या नावाची एरर येत असेल तर अनपिकलरचा फाइंड-क्लास आपल्या पद्धतीने लिहून जुनं नाव नव्या जागेकडे वळवता येतं. पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलांची बदललेली नावं ते आपोआप सांभाळतं, आपल्या क्लासची आपल्यालाच सांगावी लागतात.

सावधान: एरर जावी म्हणून ‘एरर्स इग्नोर’ लिहू नका. फाइल झटक्यात उघडेल, इंग्रजी आणि आकडे दिसतील, आणि कच्च्या बाइटमधल्या मराठीचं एकही अक्षर उरणार नाही. कॉलेजातल्या मुलांनी सुचवलेला हा उपाय मी दोन ठिकाणी चाललेला बघितलाय आणि दोन्ही ठिकाणी ते सेव्ह झालेलं होतं.

मशीन लर्निंगचं मॉडेल पिकल केलेलं असेल तर हा खटाटोप करू नका, मूळ डेटावरून नवीन आवृत्तीत परत ट्रेन करा.

## टप्पा ६: न सुटलेली नावं

आता बाजूला ठेवलेली यादी. वाचनालयात चाळीसेक नावं अशी अडली होती आणि मला आधी वाटलं फाइल खराब आहे. नीट बघितलं तर सगळ्यांची लांबी सारखीच, २० बाइट. जुन्या प्रोग्रामात पासबुकाच्या प्रिंटसाठी पहिलं नाव २० वर कापलं होतं. पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, ‘मराठी’ हा शब्द तिथे १५ लांबीचा, पायथन ३ मध्ये ५. दत्तात्रय हे नाव २७ बाइटचं, २० वर कापलं की ‘दत्तात’ उरतं आणि पुढच्या हलन्ताचे तीनपैकी दोनच बाइट. तेच दोन बाइट डिकोडला अडवतात आणि एरर सांगते ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा’, जागा १८-१९.

कापलेलं अक्षर कुठलाच प्रोग्राम परत आणू शकत नाही. शेवटचे अपुरे बाइट काढा, नोंदीवर ‘नाव अपुरं’ अशी खूण करा, आणि रजिस्टरवरून हाताने भरा. काकांनी सभासद अर्जांचा गठ्ठा काढला आणि आम्ही दोघांनी एका संध्याकाळी ती सगळी नावं भरली, एक वाचायचा, एक टाइप करायचा.

दुसरा प्रकार आपल्याकडेच जास्त. मध्य प्रदेशात टायपिंग शिकलेल्या माणसाने कृती देव फॉन्टमध्ये टाकलेल्या नोंदी. आत खरं तर रोमन अक्षरंच असतात, जे-के-ई अशी तीन अक्षरं दिसली तर ते ‘राम’ आहे. हा एन्कोडिंगचा दोष नाही, कितीही एन्कोड-डिकोड केलं तरी काही होणार नाही. त्या नोंदी वेगळ्या काढून फॉन्ट कन्व्हर्टरमधून न्याव्या लागतात, आणि आधी खूण करून, कारण खरी इंग्रजी नावं त्यातून गेली की तीही जातात.

तिसरं, दिसायला सारखी पण जुळत नाहीत अशी नावं. कऱ्हाडकर मधला तो अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो, एक म्हणजे ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोड. स्क्रीनवर डोळ्याला काही फरक नाही, कॉम्प्युटरला दोन माणसं. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करून घ्या, ऱ आणि खाली टिंब दिलेला र त्याने एक होतात, पण हा जोडणाऱ्या कोडचा प्रकार एनएफसीने एक होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. कुठला ठेवायचा ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तोच.

## टप्पा ७: ताळा

नोंदी किती, अनामतीची बेरीज किती, सगळ्यात लहान आणि मोठा सभासद नंबर कुठला, कोरी नावं किती. हे चार आकडे जुन्या बाजूने आणि नव्या बाजूने काढा आणि कागदावरच्याशीही लावून बघा. शिवाय दहा-बारा नोंदी कुठूनही उचलून डोळ्याने वाचा, त्यात जोडाक्षरवाली नावं मुद्दाम घ्या.

दंडाची बेरीज जुळली नाही तर लगेच डेटावर संशय घेऊ नका. हिशोब बदललेला असू शकतो. पायथन २ मध्ये २० भागिले ७ केलं की २ यायचे, पायथन ३ मध्ये २.८५७ येतात, म्हणजे आठवड्याप्रमाणे दंड असेल तर तो वाढला. आणि राउंड: १२.५० रुपये जुन्यात १३ व्हायचे, नव्यात १२ होतात, कारण बरोबर मधला आकडा आता जवळच्या सम संख्येकडे जातो. आम्हाला जुना नियमच हवा होता, लोकांना पावत्या तशाच दिल्या होत्या, म्हणून भागाकार दोन तिरप्या रेघांनी केला आणि पूर्णांक डेसिमलच्या ‘राउंड हाफ अप’ ने काढला.

जुन्या प्रोग्रामने हॅश फंक्शनचं उत्तर (मजकुरावरून निघणारा आकडा) कुठे साठवलं असेल, ओळख म्हणून, तर तेही तपासा. पायथन ३.३ पासून मजकुराचा हॅश प्रत्येक वेळी प्रोग्राम चालवला की बदलतो, साठवलेला आकडा परत कधी जुळणार नाही.

तपासा: फरक शून्य होईपर्यंत प्रोग्राम लोकांच्या हातात देऊ नका. दोन रुपयांचा फरक असला तरी कारण सापडलं पाहिजे.

## टप्पा ८: नव्या घरात

परत पिकलमध्ये ठेवू नका. सभासद, पावत्या, देवघेव असल्या डेटाला एसक्यूलाइट पुरतं आणि ते पायथनबरोबरच येतं. दुसऱ्या कुठल्याही भाषेतून, कुठल्याही मशीनवर ती फाइल उघडते. विंडोजवर सीएसव्ही किंवा मजकुराची फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं दर वेळी स्वतः लिहा, मशीनवर सोडू नका.

आणि ते ट्राय-एक्सेप्ट काढून टाका. डेटा वाचता आला नाही तर प्रोग्रामने मोठ्याने एरर दाखवून थांबलं पाहिजे, रिकामी यादी घेऊन पुढे जाता कामा नये. सेव्ह करताना आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, नीट लिहिलं गेलं की मगच नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवा.

पहिले पंधरा दिवस पावती कागदावरही करा. टप्पा १ मधली रीड-ओन्ली कॉपी, जेसन फाइल, सगळ्या स्क्रिप्ट आणि ती वही एका फोल्डरमध्ये घालून फोल्डरच्या नावात तारीख आणि पायथनची दोन्ही व्हर्जन लिहा, आणि वर्षाचा हिशोब तपासून होईपर्यंत तो पुसू नका. काकांनी त्याचा पेनड्राइव्ह पाकिटात घालून पाकिटावर निळ्या शाईने लिहिलंय, ‘जुने सभासद, २.७ ची फाइल, उघडू नये, आधी फोन करावा’.